कंदीलपुष्प

मृगाच्या सरी कोसळल्या की सह्याद्रीच्या उतारांवरील करपलेले रान पुन्हा हिरवे होते. करवंदीच्या जाळ्या तजेलदार दिसू लागतात, कारवीला नवी पालवी फुटते आणि त्यांच्या पायथ्याशी मातीत दडलेले लहान कंद जागे होतात. अशाच एखाद्या कंदातून नाजूक वेल निघतो व जवळच्या झुडपाचा आधार घेत वर चढतो. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास त्याच्या पानांच्या बगलेत इवले इवले कंदील दिसू लागतात. हेच ते कंदीलपुष्प.

या फुलाची घडण मोठी नवलाची आहे. तळाशी फुगीर कोठी, तिच्यावर अरुंद नळी आणि नळीच्या मुखावर पाच पाकळ्या. बहुतेक जातींत या पाकळ्यांची टोके वर एकमेकींना जुळलेली असतात. त्यामुळे मधल्या फटी कंदिलाच्या झरोक्यांसारख्या भासतात. स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 साली या कुळाला ‘सेरोपेजिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील मेण व कारंजे या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनले आहे. लिनियसला जेथे मेणाचे कारंजे दिसले, तेथे मराठी माणसाला कंदील दिसला!

हा कंदील प्रकाश देत नाही; तो पाहुण्यांना बोलावतो. फुलाच्या गंधाने लहान माश्या झरोक्यांतून आत शिरतात व नळीतून घसरत कोठीत उतरतात. नळीच्या आतील केसांची टोके खाली वळलेली असतात. त्यामुळे आत जाणे सोपे, पण बाहेर पडणे अशक्य होते. तथापि हा बंदिवास प्राणघातक नसतो. कोठीत माशीला थोडा मधुरस मिळतो आणि तो चाखताना परागांचे चिमुकले पिंड तिच्या मुखाला चिकटतात. पुढे केस सुकतात, फूल कलते आणि माशीची सुटका होते. काही जातींत ही कैद सुमारे एक दिवसाची असते. सुटलेली माशी दुसऱ्या कंदिलात शिरली की तेथे परागसिंचन घडते. पुढे जोडीजोडीने शेंगा धरतात. त्या उकलल्या म्हणजे रुईच्या म्हाताऱ्यांसारखी रेशमी शेंड्यांची बीजे वाऱ्यावर तरंगत जातात.

महाराष्ट्रात कंदीलपुष्पाच्या वीसहून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी कित्येक जातींचे घर म्हणजे केवळ चार-दोन डोंगर. एक जात हरिश्चंद्रगडाच्या परिसरात वाढते, तर सिंहगडावर आढळणाऱ्या एका जातीला चार्ल्स मॅक्कॅन या निसर्गसंशोधकाचे नाव दिलेले आहे. भारतातील या कुळाचा सविस्तर परिचय करून देणारा ग्रंथ एम. वाय. अन्सारी यांनी 1984 साली प्रसिद्ध केला.

ज्याचे घर इतके लहान, त्याचा नाश होण्यास वेळ लागत नाही. कंद खाण्याजोगे असल्याने माणसे ते उकरतात. गुरे कोवळे वेल खुडतात. वणव्यात आधाराची झुडपे जळतात आणि घाटरस्ता रुंद करताना अख्खा उतारच खरवडला जातो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी दुर्मीळ जातींची रोपे वाढवून त्यांचे जतन केले आहे. हे कार्य मोलाचे खरे. परंतु बागेत वेल जगविता आला, तरी त्याचे सारे गणगोत बागेत आणता येत नाही. वेलाला झुडपाचा आधार हवा, कंदाला उताराची माती हवी आणि फुलाला इवलीशी माशी हवी.

म्हणून गडावर फिरताना असा एखादा कंदील दिसला, तर तो डोळे भरून पाहावा आणि जागच्या जागी राहू द्यावा. तोडलेले फूल घरी पोचण्यापूर्वीच कोमेजते. वेलावर राहिलेल्या फुलातून मात्र पुढल्या पावसाळ्यांतील कंदील उजळतात.