खेड्यातील संगणक केंद्रांचा जमाखर्च

कापडाच्या धंद्यात माल सगळ्यांकडे जवळजवळ सारखाच असतो. फरक पडतो तो खबरीने. सुताचा भाव चढला ही बातमी ज्याला सकाळी कळते, तो दुपारपर्यंत खरेदी उरकतो. ज्याला ती तिसऱ्या दिवशी कळते, तो चढ्या भावाने सूत घेतो आणि जुन्या भावाने कबूल केलेले कापड देत बसतो. आम्ही धंद्यात उतरलो तेव्हा बाहेरगावचे भाव विचारण्यासाठी एस.टी.डी. बूथवर रांग लावावी लागे. ज्याच्या घरी फोन त्याचा सौदा आधी, बाकीच्यांचा नंतर, असा सरळ हिशेब होता.

व्यापाऱ्याची ही गत, तर खेड्यातील शेतकऱ्याची काय असेल? कोल्हापूर भागातील आमच्या पेढीवर लग्नाचा बस्ता बांधायला ऊस पिकवणारे शेतकरी येत. कापड पसंत झाले की त्यांचे वाक्य ठरलेले : "भाई, उसाचं बिल निघालं की देतो." बिल कधी निघणार, किती निघणार, हे त्यांनाही ठाऊक नसे आणि आम्हालाही. ते विचारण्यासाठी त्यांना शेतातील काम सोडून, एस.टी.चे भाडे भरून कचेरी गाठावी लागे. कारकून जागेवर नसला की पुन्हा चक्कर. त्यांचा दिवस बुडे आणि आमची वसुली लांबे. एका साध्या माहितीपायी दोन घरांचे नुकसान होई.

म्हणूनच खेड्यात संगणक आणि इंटरनेट नेण्याचे जे पहिले प्रयोग आपल्या देशात झाले, त्यांचा हिशेब आम्ही व्यापाऱ्याच्या नजरेने मांडत आहोत. जमा किती, नावे किती, आणि शिल्लक काय राहिली, हे वाचकांनी पाहावे.

इंटरनेट आले, पण कोणासाठी?

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा मोठ्या शहरांतून ते दिले. त्यासाठी घरी संगणक हवा, टेलिफोन हवा, वर्षाचे शुल्क भरण्याची ऐपत हवी आणि इंग्रजी हवे. या चारही गोष्टी एकाच घरात असलेले कुटुंब त्या काळच्या खेड्यात शोधून सापडले नसते. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, तरी त्यांनीही आधी शहरेच धरली.

तेव्हा विचार असा पुढे आला की, प्रत्येक घरात संगणक नेणे शक्य नसेल तर गावात एक तरी न्यावा. तो चावडीवर, सोसायटीत किंवा देवळाच्या खोलीत ठेवावा, आणि त्याच्यापाशी गावातीलच एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी बसवावी. गावकऱ्याने प्रश्न विचारावा, तिने यंत्रातून उत्तर काढून द्यावे. यातील तीन प्रयोग लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

वारणा : उसाचा हिशेब गावात

पहिला आपल्या महाराष्ट्रातील. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्याची सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचे काम हाती घेतले गेले. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी संस्थांचे जाळे तेथे आधीच होते. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारने, ४० टक्के राज्य सरकारने आणि १० टक्के स्थानिक संस्थेने उचलावा, असे ठरले. गावागावांत ५४ केंद्रे उभी राहिली.

योजना मोठी होती. पिकांचा सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, शाळा-कॉलेजची माहिती, नोकऱ्यांच्या जागा, सगळे एका खिडकीत मिळायचे होते. प्रत्यक्षात चालले ते मुख्यतः उसाचे काम. लागणीची नोंद, तोडणीची परवानगी, काट्यावर भरलेले वजन, खताची उचल आणि बिल, एवढे शेतकऱ्याला आपल्या गावातच कळू लागले. ऊस ज्याने केला आहे त्याला याची किंमत सांगायला नको. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटते, आणि ते नुकसान कोणी भरून देत नाही. वजनाचा आकडा गावातच समजला तर शंका असल्यास लगेच विचारता येते. महिन्याने कळून काय उपयोग?

पुढे २००७ च्या सुमारास संशोधकांनी या केंद्रांची पाहणी केली. त्यांना दिसले की, महागड्या संगणकावर लोक मोजक्याच दोन-चार गोष्टी पाहतात. मग सात गावांत त्यांनी संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर तीच माहिती देऊन पाहिली. शेतकऱ्याने आपला खाते क्रमांक पाठवायचा, वजनाचा किंवा खताचा आकडा परत यायचा. काम झाले, आणि खर्चही कितीतरी कमी. यंत्र लहान झाले तरी माहितीची किंमत कमी झाली नाही, हा वारणेचा धडा.

धार : अर्जाला उत्तर हवे

दुसरा प्रयोग मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचा, आदिवासी आणि गरीब मुलखातला. 'ज्ञानदूत' या नावाने तो १ जानेवारी २००० रोजी सुरू झाला. आरंभी वीस-एकवीस सूचनालये निघाली, बहुतेक रस्त्याकाठच्या आठवडी बाजाराच्या गावी, म्हणजे आसपासच्या पंचवीस-तीस गावांना ती सोयीची पडावीत. तेथे बसणाऱ्या तरुणाला 'सूचक' म्हणत. त्याला पगार नव्हता. लोकांकडून मिळालेल्या फीवर त्याने पोट भरायचे आणि त्यातील काही वाटा जिल्हा पंचायतीला द्यायचा.

फी अशी होती : मंडीचे भाव पाच रुपये, तक्रार दहा रुपये, जमिनीच्या उताऱ्याला पंधरा रुपये. भावाच्या माहितीचा एक दाखला तेव्हा खूप गाजला. बगडी गावच्या शेतकऱ्यांना स्थानिक व्यापारी बटाट्याला क्विंटलमागे ३०० रुपये देत होते. सूचनालयात चौकशी केली तेव्हा दूरच्या मंडीत ४०० रुपये भाव असल्याचे कळले आणि माल तिकडे गेला. पाच रुपयांच्या खबरीने क्विंटलमागे शंभराचा फरक पाडला. त्याच वर्षी या योजनेला स्टॉकहोमचे आंतरराष्ट्रीय पारितोषिकही मिळाले.

पण नावेची बाजूही पाहिली पाहिजे. वीज जायची, टेलिफोनची तार तुटायची, आणि त्या दिवशी सूचकाची कमाई शून्य. त्याहून मोठी अडचण कचेरीतच होती. तक्रार संगणकावरून सेकंदात पोचे, पण उत्तर देणारा माणूसच असतो. जिल्ह्याचा उत्साही अधिकारी होता तोवर आठवडाभरात उत्तर येई. अधिकारी बदलले की उत्तरे रेंगाळू लागली. उत्तर आले नाही तर दुसऱ्यांदा दहा रुपये कोण खर्च करील? पुढच्या पाहण्यांत अनेक सूचनालयांत दिवसाला जेमतेम एखादा माणूस येत असल्याचे आढळले. बक्षीस मिळालेले दुकान गिऱ्हाइकावाचून बसले.

पुदुच्चेरी : आधी गरज, मग यंत्र

तिसरा प्रयोग पुदुच्चेरीजवळच्या खेड्यांचा. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या प्रतिष्ठानने तो १९९८ मध्ये हाती घेतला. विल्लियनूर येथे मुख्य केंद्र. टेलिफोन भरवशाचा नव्हता म्हणून गावे वायरलेसने जोडली, वीज भरवशाची नव्हती म्हणून सौरऊर्जेची जोड दिली. गावाने खोली फुकट द्यावी, काम करणारे स्वयंसेवक द्यावेत, आणि केंद्र सर्व जातींना खुले ठेवावे, अशा अटी होत्या. स्वयंसेवकांत बायका जास्त होत्या. इंग्रजी अक्षरांच्या कळफलकावर तमिळ लिहायला त्या शिकल्या आणि गावाचा कारभार सांभाळू लागल्या.

येथे आधी लोकांना विचारले गेले की तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे. उत्तरे साधी होती. धान्याचा आणि खताचा भाव, बसची वेळ, दवाखान्यात डॉक्टर कधी असतो, आपण कोणत्या सरकारी योजनेत बसतो. वीरंपट्टिनम या कोळ्यांच्या गावाला हवी होती समुद्राची खबर. अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावर लाटांच्या उंचीचा अंदाज मिळे. तो रोज उतरवून तमिळमध्ये ध्वनिक्षेपकावरून सांगितला जाई. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकू येईल, अशी ही व्यवस्था. आज होडी घालायची की नाही, हा जिवाचा सवाल त्यावर ठरे.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा याच जाळ्यातील नल्लवाडू गावच्या परदेशी असलेल्या एका तरुणाने फोन करून घरच्यांना सावध केले. केंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून इशारा दिला गेला आणि लोक वेळेत मागे सरले. घरे-होड्यांचे नुकसान झाले, पण माणसे वाचली.

भाषेचा प्रश्न

या तिन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान होती : माहिती लोकांच्या भाषेत देणे भाग पडले. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही बोलत होतोच, पण कचेरीतील मराठी वेगळी. पहिल्यांदा जमिनीचा उतारा हातात आला तेव्हा तो वाचून घ्यायला दुसऱ्याकडे जावे लागले, आणि त्याने चहा-पाणी घेतल्याशिवाय अर्थ सांगितला नाही. कागद सरकारी, जमीन आमची, पण त्या दोहोंमधील किल्ली तिसऱ्याच्या खिशात. इंग्रजीतील इंटरनेट खेड्यासाठी असेच होते.

त्या काळी मराठी अक्षरांचीही पंचाईत होती. एका संगणकावर टाईप केलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की नुसती चिन्हे दिसत, कारण प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. युनिकोड रुळल्यावर ही अडचण मिटली. शिकवण्याच्या बाजूने महाराष्ट्रात २००१ मध्ये ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावीही मुले-मुली मराठीतून संगणक शिकू लागली. ही केंद्रे टिकली याचे एक कारण धंद्याच्या भाषेत सांगता येते : चालवणाऱ्याचे स्वतःचे भांडवल गुंतले होते, आणि शिकणाऱ्याला नोकरीच्या अर्जासाठी त्या दाखल्याची गरज होती.

शिल्लक काय?

या प्रयोगांतील बरीच केंद्रे मूळ रूपात राहिली नाहीत. पण त्यांनी घालून दिलेली वाट मोडली नाही. २००६ मध्ये केंद्र सरकारने देशभर एक लाख सामायिक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली, ती याच अनुभवावर. महाराष्ट्रात २०१८ मध्ये डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. ज्या कागदासाठी चकरा माराव्या लागत, तो घरबसल्या हाती आला.

तरीही आपल्या मोहल्ल्यात किंवा गावात कोणी असे केंद्र, वाचनालय किंवा मदतीचे टेबल सुरू करणार असेल, तर त्याने पाटी लावण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या खबरीने लोकांचा पैसा किंवा दिवस वाचणार आहे? खुर्चीवर बसणारा माणूस गावाचा, धीराचा आणि गरिबाला न हाकलणारा आहे का? आणि देणगी संपल्यावर विजेचे बिल कोण भरणार? यांची उत्तरे नसतील तर संगणक घेण्याची घाई करू नये. आज प्रत्येक हातात फोन आहे म्हणून हे प्रश्न संपले, असेही समजू नये. अर्ज भरता न येणारी म्हातारी आजही कोणाची तरी वाट पाहत असते, आणि पाच मिनिटांच्या कामाचे तिच्याकडून शंभर रुपये घेणारेही आहेत.

आमच्या व्यापारी बांधवांना एवढेच सांगणे. दुसऱ्याला भाव माहीत नाही यावर मिळणारा नफा आपणही खाल्ला आहे, हे कबूल करावे. आता तो दिवस गेला. त्या शेतकऱ्यांची मुले आमच्या गादीवर बसून मोबाईल पुढे करतात : "भाई, बिल जमा झालंय, हे बघा." आणि त्याच मोबाईलवर साडीचा दर पाहून आमच्याशी घासाघीसही करतात. गाळा पूर्वीपेक्षा कमी सुटतो, पण उधारीची वही पातळ झाली आहे. आम्ही हा हिशेब जमेच्याच बाजूला लिहितो.