विश्लेषण : घरचे दिवे अनोळखी कोडच्या हाती देणे कितपत सुरक्षित?

ब्रिटनमधील गणितज्ञ मॅट पार्कर यांनी २०२० च्या नाताळात घरच्या झाडावर ५०० एलईडी दिवे गुंडाळले आणि कॅमेऱ्याच्या मदतीने प्रत्येक दिव्याची नेमकी जागा मोजली. मग प्रेक्षकांनीही त्या झाडासाठी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहून पाठवले. हा खेळ आता कोणालाही करता येतो. पत्त्यांच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय संगणक, दिव्यांची माळ आणि लोकांचा कोड स्वीकारणारा छोटा सर्व्हर एवढे पुरते. अडचण त्यापुढे सुरू होते.

चित्र आणि कोड यांत फरक काय?

बर्लिनमध्ये २००१ साली केऑस कॉम्प्युटर क्लबने एका इमारतीच्या १४४ खिडक्यांमागे दिवे लावून त्यांचा पडदा केला होता. लोक त्यासाठी ॲनिमेशन पाठवत, मोबाइलवरून त्यावर पाँग खेळत. चित्र चुकले तर फार तर वाईट दिसते. कोड मात्र संगणकावर चालतो. तो फाइल वाचू शकतो, पासवर्ड बाहेर पाठवू शकतो, घरच्या वाय-फायवरील इतर उपकरणेही धुंडाळू शकतो.

नवखे नेमके कुठे चुकतात?

डब्ल्यूएस२८१२ प्रकारच्या दिव्यांना सव्वा मायक्रोसेकंदाला एक बिट या वेगाने संदेश द्यावा लागतो. त्यासाठी रास्पबेरी पायवर सर्रास वापरली जाणारी लायब्ररी थेट हार्डवेअरला हात घालते, म्हणून तो प्रोग्रॅम बहुधा ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकार देऊन चालवतात. त्याच प्रोग्रॅममध्ये परक्याचा कोड चालवला, की घराच्या किल्ल्याच त्याच्या हाती गेल्या.

मग उपाय?

प्रोग्रॅम दोन ठेवायचे. परक्याचा कोड वेगळ्या कंटेनरमध्ये, सर्वाधिकार आणि इंटरनेट न देता, ठरावीक मेमरीत आणि ठरावीक सेकंदांपुरताच चालवायचा. वेळेची मर्यादा केवळ खोडसाळांसाठी नसते. न संपणारा लूप ही प्रामाणिक नवशिक्याचीही नेहमीची चूक. या कोडने बाहेर द्यायचे ते फक्त आकडे : प्रत्येक दिव्यासाठी लाल, हिरवा, निळा, ० ते २५५. दुसरा प्रोग्रॅम ते तपासून दिवे लावतो. कंटेनरही अभेद्य नसतो. त्यामुळे ज्या संगणकावर घरचे फोटो किंवा बँकेची कामे आहेत, तो यासाठी वापरू नयेच.

कोड निर्धोक असला तरी?

असा एक दिवा पूर्ण पांढरा उजळला, की सुमारे ६० मिलिअँपिअर वीज घेतो. ५०० दिव्यांचे ३० अँपिअर होतात. ‘सगळे पांढरे करा’ ही एक ओळ लहान अडॅप्टर आणि बारीक वायर तापवायला पुरेशी आहे. म्हणून एकूण उजेडाची मर्यादा दुसऱ्या प्रोग्रॅममध्येच घालावी लागते. फ्यूज हवाच.

लुकलुकण्याचेही तसेच. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये पोकेमॉनच्या एका भागातील लाल-निळ्या झगमगाटानंतर सुमारे ७०० जणांना, त्यात बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत, हा वेबसाइटसाठीचा निकष इथेही लावता येतो. ती तपासणी दिवे लावणारा प्रोग्रॅमच करू शकतो : तीनपेक्षा जास्त लखलखाट दिसले, की पुढची फ्रेम रोखायची.