आजीचा रकाना

फेब्रुवारी २०११. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात जनगणनेच्या बाई येऊन टेकल्या. शाळेत शिकवणाऱ्या होत्या, घरोघर फिरून दमल्या होत्या. चहा घेता घेता एकेकाचं नाव, वय, शिक्षण लिहीत होत्या. आजीची पाळी आली तेव्हा तिने निवडत असलेल्या तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "लिवा, शाळंचं तोंड बगितलं न्हाई." वय ८२. माहेर पन्हाळ्याकडचं. तिचा धाकटा भाऊ सातवी शिकून 'फायनल' झाला, पुढे मास्तर झाला. ती शेरडांमागे राहिली. त्याच कागदावर सगळ्यात शेवटी माझ्या लेकीचं नाव लागलं. ती तेव्हा दोन महिन्यांची, पाळण्यात.

२०१६ साली आजी गेली आणि आमचं घर शंभर टक्के साक्षर झालं. घरात नवं कुणीच शिकलं नव्हतं. लेक पाच वर्षांची होती, आणि साक्षरतेच्या हिशेबात सात वर्षांखालची मुलं धरत नाहीत. निरक्षर माणूस गेलं, एवढंच घडलं होतं. हे लिहिताना आजही गलबलतं. पण देशाचे आकडेही बऱ्याच अंशी असेच हलतात. १९५१ साली भारतात शंभरातले १८ जण साक्षर होते, बायकांत तर नऊसुद्धा नव्हते. २०११ साली ७३ झाले. प्रौढ शिक्षणाच्या रात्रवर्गांचा त्यात वाटा आहेच. पण मोठा भाग हा की खालून शाळेत गेलेली पोरं वर चढत आली आणि वरची न शिकलेली पिढी एकेक करून निघून गेली.

याच चढण्यावर एक अख्खं शास्त्र उभं आहे. व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्ग इथे आयआयएएसए नावाची संशोधन संस्था आहे. तिथले वोल्फगांग लुत्झ, त्यांचे नेपाळी सहकारी समीर के. सी. आणि इतरांनी देशोदेशींच्या लोकसंख्येचे पुढच्या शतकापर्यंतचे अंदाज शिक्षणानुसार मांडले. लोकसंख्येचा मनोरा आपण शाळेत काढलेला असतो: एका बाजूला पुरुष, दुसरीकडे बायका, पाच-पाच वर्षांचे थर. यांनी त्या प्रत्येक थरात शिक्षणाचे रंग भरले. शाळा न पाहिलेले, प्राथमिक अर्धवट सोडलेले, प्राथमिक पुरी केलेले, मग माध्यमिकचे दोन टप्पे आणि त्यावर उच्च शिक्षण. माणसाचं औपचारिक शिक्षण साधारण पंचविशी-तिशीत थांबतं आणि त्यानंतर रंग फारसा बदलत नाही. आज तिशीत असलेली बारावी पास बाई चाळीस वर्षांनी सत्तरीत असेल, आणि बारावी पासच असेल. उत्पन्न, नोकरी, पक्ष, पत्ता यांतल्या कशाबद्दलही इतक्या खात्रीने बोलता येत नाही. मात्र नुसता थर वर सरकवून भागत नाही. शिकलेली माणसं सरासरीने जास्त जगतात, आणि शिकलेल्या बायकांना मुलं कमी होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शाळेत न गेलेल्या बाईमागे सरासरी २.८ मुलं दिसली. बारा किंवा जास्त वर्षं शिकलेलीमागे १.८. म्हणून प्रत्येक रंगाचे जन्म-मृत्यू वेगळे मोजावे लागतात.

याने किती फरक पडतो? २०१८ साली या मंडळींनी भारताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. जन्म-मृत्यूचे दर आजच्यासारखेच राहतील असं धरून राज्यं वेगवेगळी मोजली, तर २१०० साली भारत ३१० कोटींवर जातो. तेच दर ठेवून राज्यांऐवजी शहर-खेडं आणि शिक्षण यांनुसार वाटणी केली, तर १६० कोटी. माणसं तीच, वाटणी निराळी, आणि उत्तरात दीडशे कोटींचं अंतर! राज्यवार मोजणीत बिहारसारख्या जास्त जन्मदराच्या राज्यांचं वजन वाढत जातं. शिक्षणवार मोजणीत तरुण पिढी कमी मुलं असलेल्या रंगाकडे सरकलेली असते, म्हणून आकडा आवरतो. पुढे किती माणसं होतील हा प्रश्न आज किती मुली शाळेत टिकतात इथे येऊन ठेपतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं होती, म्हणजे आपल्याकडे हा बदल होऊन गेला आहे.

शिक्षणाचे रकाने कागदावर सरळ दिसतात, पेठेत तसे नसतात. खरी कॉर्नरपासून उभा मारुती चौकापर्यंत चार म्हाताऱ्यांना शिक्षण विचारा. एक म्हणेल 'फायनल', म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल, जिच्यावर मास्तरकी मिळायची. दुसरा 'जुनी मॅट्रिक', म्हणजे अकरावी. तिसरा 'इंटर'. चौथा म्हणेल, "धाव्वीपतोर गेलोय," आणि पास की नापास हे तुम्ही विचारायचं नाही. त्या काळची फायनल आणि आजची सातवी एकाच रकान्यात घालताना मला तरी चुकल्यासारखं होतं. आणि उलटंही आहे: २०१८ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता आला. रंग भरलेला आहे, पण आत काय आहे ते मनोरा सांगत नाही. या शास्त्राची ही मला सगळ्यात जाणवणारी उणीव.

शिक्षणाचं पेरलेलं पिढ्यांनी उगवतं, यात कोल्हापूरकराला नवल वाटू नये. लहानपणी कागलात आणि पुढे राजाराम कॉलेजात शिकलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं; पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा केला, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड लावला. त्या वर्षी सात वर्षांचा असलेला पोरगा १९५१ च्या गणतीत ४१ वर्षांचा आणि १९८१ च्या गणतीत ७१ वर्षांचा होता. कायदा करणारे महाराज १९२२ सालीच गेले. ज्या न्यू कॉलेजातून मी पदवी घेतली, ते चालवणारं प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस १९२० चं. माझ्या नावापुढच्या पदवीची सुरुवात तिथे, माझ्या जन्माच्या अर्धशतक आधी झाली होती. देशाला मात्र शिक्षण हा मुलांचा हक्क करून तो लागू करायला १ एप्रिल २०१० उजाडावं लागलं. हा हक्क माझ्या आजीच्या लहानपणीच मिळाला असता तर तिचा रकाना वेगळा असता का, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

या सगळ्या अंदाजांचा पाया अजून २०११ चाच आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ ही गणतीची संदर्भ तारीख ठरली आहे. सोळा वर्षांत पाळण्यातली पोर कॉलेजात पोचते, आणि नियोजन करणारे अजून तिला पाळण्यातच धरून पुढचे हिशेब करतात. हे मला मनापासून खटकतं. लेक यंदा दहावीत आहे. संध्याकाळी तालमीची पोरं बाहेर गलका करतात, ती त्याच सोप्यात गणितं सोडवत बसते. व्हिएन्नाच्या तक्त्यांत २०७१ सालच्या साठीच्या थरात ती आजच बसलेली आहे; रंग अजून पुरता भरायचा आहे.

पुढच्या वेळी गणतीला कुणी येईल तेव्हा काय सांगायचं हे आईने आत्ताच ठरवून ठेवलंय. मागच्या वेळी तिच्यापुढे नुसतं 'सातवी' लागलं होतं. "औंदा त्यास्नी नीट सांग," ती मला म्हणाली, "सातवी पास."