उचलण्याआधी

१९८९ साली मी दक्षिण कोकणातल्या एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. शाखा कौलारू घरात, मागे माडांची बाग. एका दुपारी कॅश जुळवत बसलो असताना मागच्या अंगाला धप्पकन आवाज झाला आणि पाठोपाठ बायकांचा आरडाओरडा. नारळ काढायला चढलेला माणूस खाली आला होता. वय तिशीच्या आतलं. शुद्धीवर होता. "सायबानू, माझे पाय खंय गेले?" एवढंच तो विचारत होता.

आम्ही चौघं धावलो. एकानं काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, मी कमरेखाली हात दिला. झोळीसारखं उचलून त्याला जीपच्या बाकावर बसवलं. कुणीतरी पाणी पाजलं. माणुसकीत आम्ही कुठंही कमी पडलो नाही. खड्ड्यांतून तासभर जीप हाकत त्याला तालुक्याच्या गावी नेलं. तो जगला, पण पुन्हा उभा राहिला नाही.

पुढं एका डॉक्टरांना मी विचारलं, "त्याला माडानं पांगळं केलं की आम्ही?" ते म्हणाले, "आता ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तसं उचलायला नको होतं." या उत्तराचं व्याज मी अजून भरतो आहे.

कण्याच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेच्या वरच्या मणक्यांपर्यंत एक दोर उतरतो. त्याचं नाव मज्जारज्जू, जाडी करंगळीएवढी. मोडलेलं हाड सांधतं. हा दोर तुटला की पुन्हा जुळत नाही. इजा मानेत झाली तर चारही हातपाय जातात, कधी श्वासही. खाली झाली तर पाय जातात आणि त्यांच्याबरोबर लघवी-शौचाचा ताबाही. उंचावरून पायांवर किंवा बैठकीवर आपटणाऱ्याचा कणा बहुधा छाती आणि कमर यांच्या सांध्याशी मोडतो. कारण छातीचा ताठ भाग तिथं संपतो आणि कमरेचा लवचिक भाग सुरू होतो. दोर अर्धवट शाबूत असला आणि उचलताना मोडका मणका सरकला, तर उरलेलाही जातो.

हे क्वचित घडणारं दुर्दैव आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये दिलेला अंदाज असा, की दरवर्षी जगात अडीच ते पाच लाख माणसांच्या मज्जारज्जूला इजा होते. २०२४ मध्ये तिनं सांगितलं, की दीड कोटीहून अधिक माणसं अशी इजा घेऊन जगत आहेत. यात पुरुष बायकांच्या निदान दुप्पट, आणि त्यांतले पुष्कळसे ऐन कमावत्या वयातले.

शहरातल्या माणसाला वाटतं, हे वाहनांच्या अपघातातच होतं. तसं होतंच, पण आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांच्या पाहण्यांत पहिला क्रमांक उंचावरून पडण्याचा लागतो. माड, आंबा, बांधकामाची परांची, उन्हाळ्यात झोपायला जातो ती बिनकठड्याची गच्ची. कमी पाण्याच्या विहिरीत मारलेला सूर. डोक्यावर ओझं घेऊन घसरलेला पाय. दहीहंडीला २०२२ मध्ये राज्य सरकारनं साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांना विमा दिला. माडावर चढणाऱ्याचं धाडस मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. ते त्याचं रोजचं काम असतं.

अशा इजेनं आयुष्य संपतं, असं नाही. १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी बसलेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यासाठी पाठीशी उपचार लागतात, पुनर्वसन लागतं. खेड्यातल्या खाटेवर माणसाला मारतात ते शय्याव्रण आणि मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग. दर दोन तासांनी कूस बदलायला घरात कुणीतरी माणूस असावं लागतं.

म्हणून वाचकहो, एवढं ध्यानात ठेवा. कुणी उंचावरून पडला आणि मान-पाठ दुखते, हातपाय बधिर झाले असं म्हणाला, तर आग किंवा पाण्यासारखा धोका नसेल तोवर त्याला हलवू नका. बसवू नका, पाणी पाजू नका. एकानं डोकं-मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी, दुसऱ्यानं १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. आमच्या वेळी नव्हती. हलवावंच लागलं, तर चार-पाच जणांनी मिळून, अंग कुठंही न वाकवता, ओंडका वळवावा तसं एकदम वळवून सपाट फळीवर घ्यावं. घराचं दारही चालतं. आमच्या शाखेला दोन दारं होती.

त्या माणसाच्या नावावर आमच्याकडं म्हशीचं कर्ज होतं. ते त्याच्या बायकोनं फेडलं, एकही हप्ता न चुकवता. पावती घेताना दर वेळी ती म्हणायची, "तुम्ही होतास म्हणून तो जगलो." मी मान खाली घालून शिक्का मारत असे.