दोरखंडाच्या आधीची दोरी

कोंढाण्याच्या कड्यावर घोरपडीने दोर नेला, ही गोष्ट महाराष्ट्रात लहानपणीच कानावर पडते. ती दंतकथा की इतिहास, हा वाद अभ्यासकांचा. पण त्या गोष्टीतला प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. दोर धरून वर चढायचे हे खरे, पण मुळात दोर वर न्यायचा कसा? छंद म्हणून उंच झाडांवर चढणाऱ्यांपुढे रोज हाच प्रश्न असतो. त्याचे त्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे ‘थ्रोलाइन’. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत, लांबलचक दोरी आणि तिच्या टोकाला छर्रे भरलेली लहानशी पिशवी. पिशवी फांदीपलीकडे फेकायची, ती खाली आली की या दोरीला खरा दोरखंड बांधायचा आणि ओढून वर घ्यायचा.

झाडावर दोराने चढण्याच्या या छंदाला संघटित रूप आले ते अमेरिकेत. पीटर जेन्किन्स यांनी १९८३ मध्ये अटलांटा येथे ‘ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल’ ही संस्था सुरू केली. झाडाला खिळे किंवा काटेरी बूट न लावता, कमरेला हार्नेस बांधून चढायचे, हे या छंदाचे सूत्र. वृक्षशेंड्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही अशीच साधने वापरतात. भारतीय वंशाच्या अमेरिकी शास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी पर्जन्यवनातील झाडांवर चढूनच १९८१ मध्ये दाखवून दिले की, उंच फांद्यांवर साचलेल्या मातीत झाडे आपली मुळे सोडतात. याच नाडकर्णी २०१५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात संशोधनासाठी झाडावर असताना सुमारे ५० फुटांवरून कोसळल्या आणि गंभीर जखमी झाल्या. पुढे त्या बऱ्या होऊन कामावर परतल्या. अनुभवी माणसाच्या बाबतीतही असे घडू शकते, म्हणून या छंदातल्या अगदी पहिल्या पायरीकडेही नीट पाहायला हवे.

घर्षणाचे गणित

दोरी निवडताना प्रश्न असतो तो घर्षणाचा. फांदीवरून गेलेली दोरी सरकवण्यासाठी किती जोर लागेल, हे १८व्या शतकातील गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रावरून काढता येते. धक्क्यावर होडी बांधणारे कोळी हे सूत्र न शिकताही वापरतात. खुंटाला दोन वेढे दिले की भरलेली होडीही एका हाताने थोपवता येते. वेढा वाढला की घर्षण बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते.

समजा, फांदी २० मीटर उंच आहे आणि दोरीचे वजन मीटरला दोन ग्रॅम आहे. म्हणजे फेकणाऱ्याच्या बाजूला ४० ग्रॅम दोरी लोंबते. साल बऱ्यापैकी गुळगुळीत असेल, घर्षणांक ०.३ धरला, तर फांदीवरच्या अर्ध्या वेढ्यामुळे हे ओझे सुमारे अडीचपट होते. पिशवीला साधारण १०३ ग्रॅम उचलावे लागतात. २५० ग्रॅमची पिशवी आरामात खाली येते. साल खडबडीत असेल, घर्षणांक ०.५ असेल, तर हाच आकडा १९० ग्रॅमच्या पुढे जातो आणि पिशवी अडखळत उतरते. पण झोका जाऊन पिशवीने फांदीला आणखी एक पूर्ण वेढा घातला, तर गुळगुळीत सालीवरही ओझे १७ पट होते, म्हणजे ६८० ग्रॅम. मग ४५० ग्रॅमची पिशवीही वरच लटकते. खडबडीत सालीवर तर ही पट शंभरावर जाते. अडकलेली दोरी जोर लावून सुटत नाही, वेढा उलगडावा लागतो, त्याचे कारण हे आहे.

म्हणूनच दोरी बारीक, हलकी आणि निसरडी हवी. विशेष मजबूत पॉलिथिलीन यासाठी पसंत केले जाते. ते पाणी शोषत नाही आणि फारसे ताणले जात नाही. मात्र निसरडेपणामुळे त्यावरची साधी गाठ सुटते. गाठ पक्की आवळून, ओढून पाहायलाच हवी. नायलॉनची दोरी पाणी शोषते आणि बरीच ताणली जाते, म्हणून ती टाळलेली बरी. लांबी फांदीच्या उंचीच्या दुपटीहून जास्त लागते. २० मीटरच्या फांदीसाठी ५० ते ६० मीटर दोरी असावी. रंग भडक पिवळा किंवा नारिंगी असला की पानांत दिसतो. पिशवी साधारण २५० ते ४५० ग्रॅमची असते. हलकी उंच जाते पण खाली यायला कुरकुरते, जड खाली येते पण फेकताना दमवते. त्यामुळे दोन वजनांच्या पिशव्या जवळ ठेवणे सोयीचे.

गुंता आणि इजा

दोरी हाताच्या कोपराभोवती गोल गुंडाळली की तिला पीळ बसतो आणि पुढच्या फेकीत गाठी पडतात. त्यापेक्षा रुंद तोंडाच्या घडीच्या पेटीत ती एकावर एक, जशी पडेल तशी सोडत जावी. ती तशीच उलट क्रमाने बाहेर येते. शेवटचे टोक पेटीला बांधून ठेवावे, नाहीतर चांगल्या फेकीनंतर सगळी दोरीच झाडावर जाते.

इजेचा मुख्य धोका पिशवीचा. ३५० ग्रॅमची पिशवी, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूच्या दुपटीहून जड वस्तू, २० मीटरवरून पडली तर जमिनीजवळ तिचा वेग ताशी ७० किलोमीटर असतो. त्यामुळे फेकण्याआधी सर्वांना आवाज देऊन सावध करावे, हेल्मेट घालावे आणि बघ्यांना लांब उभे करावे. अडकलेली पिशवी ताणून ओढली आणि ती अचानक सुटली, तर गलोलीतल्या दगडासारखी तोंडावर येते. डोळ्यांवर चष्मा हवा आणि ओढणाऱ्याने दोरीच्या सरळ रेषेत उभे राहू नये. ताणलेली बारीक दोरी बोटांना कापते, म्हणून ती हाताला कधीही गुंडाळू नये. हातमोजे घालावेत, जोर द्यायचाच असेल तर दोरी काठीला गुंडाळून द्यावा. दोरी घासून तळहात भाजल्यासारखा झाला, तर तो २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. डोळ्याला मार लागल्यास चोळू नये, दाबू नये, डोळ्यावर दाब येणार नाही असे आवरण ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

आपल्याकडच्या झाडांवर आणखी एक गोष्ट आधी पाहावी लागते, ती म्हणजे आग्या मोहोळ. उंच फांदीच्या पोटाला लटकलेल्या पोळ्यावर पिशवी आदळली, तर पळायला वाट उरत नाही. दुर्बीण घेऊन झाडाला एक फेरी मारायला पाच मिनिटे पुरतात. जवळून विजेची तार जात असेल तर ते झाड सोडून द्यावे, कारण ओल्या दोरीतून वीज वाहू शकते. गुलमोहराच्या फांद्या पावसाळ्यात कशा मोडतात, हे शहरातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. फांदी जिवंत आणि जाड हवी. दोरखंड वर गेल्यावर आधी दोघांनी जमिनीवरूनच त्याला लोंबकळून फांदीची परीक्षा घ्यावी, मगच एकाने चढावे.

थ्रोलाइन शेकडो किलोचा ताण सोसेल असे पाकिटावर लिहिलेले असले, तरी ती माणसाचे वजन पेलण्यासाठी नाही. तिचे काम दोरखंड वर नेण्यापुरते. चढायचा दोर ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा आणि त्याच कामासाठी प्रमाणित असावा. शिवाय हे तंत्र प्रशिक्षित माणसाकडूनच शिकावे आणि चढताना खाली कायम दुसरा जाणता माणूस असावा. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकून राहिल्यास रक्त पायांत साचून शुद्ध हरपू शकते. अशा वेळी वेळेत खाली उतरवणारा कोणी नसेल, तर फांदी आणि दोर भक्कम असूनही उपयोग नाही.

दिवसअखेर एक काम उरते. अडकलेली दोरी कापून तशीच झाडावर सोडण्याचा मोह होतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, ती माणसांचे आणि पक्ष्यांचे जीव गेल्यानंतर. झाडावर राहिलेली न कुजणारी थ्रोलाइनही पक्ष्यांच्या पायांत तशीच अडकते. आणलेली दोरी मोजून परत न्यावी. ती सोडवता येईल, अशी खात्री असेल त्याच फांदीवर फेकावी.