तरुणांचे मन आणि शासनाचे धोरण

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावांतून ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. मुलांपुढे दोनच वाटा उरतात : शाळा सोडून फडावर जाणे किंवा आजी-आजोबांजवळ राहून आईवडिलांविना परीक्षेला बसणे. अशा तरुणाचे मन खचले, तर 'श्रद्धा कमी पडली' असे म्हणून मोकळे होणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

मानसिक आरोग्याचे धोरण केवळ औषधांपुरते नसते. २०२१ साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. वरवर पाहता ही शिक्षणाची योजना; परंतु शाळा आणि सोबती टिकले, तर मनालाही आधार मिळतो.

उपचारांची बाजू कायद्याने भक्कम केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे कलम ११५ गृहीत धरते व तिची शुश्रूषा शासनावर सोपविते. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले.

तथापि कागदावरील हक्क गावापर्यंत पोहोचावा लागतो. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाण्यास एक दिवसाची मजुरी बुडते. त्याहून मोठा अडसर 'लोक काय म्हणतील' हा असतो. पहिला अडसर शासनाने दूर करावा. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक दिवशी समुपदेशक बसला पाहिजे. ग्रामसभेत ही मागणी करणे हे आपलेही कर्तव्य आहे. दुसरा अडसर मात्र कोणताही शासन-निर्णय दूर करू शकत नाही. ते काम आपले.

गंभीर मानसिक व्याधी वा तीव्र यातना यांमुळे आत्महत्या करणाऱ्याची जबाबदारी कमी होते, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ परिच्छेद २२८२ मध्ये शिकवितो. अशा आत्म्यांच्या तारणाची आशा सोडू नये, असेही पुढे सांगतो. मग जिवंत असलेल्या, खचलेल्या तरुणाला आपण दोष कसा द्यावा?

प्रिय भाविकांनो, १४४१६ हा क्रमांक प्रत्येक धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर लागावा. प्रार्थना करावीच, त्याचबरोबर त्या तरुणाचा हात धरून त्याला डॉक्टरांकडेही न्यावे.