सोडायच्या दिवसाचा हिशेब

माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली सकाळी नऊला उभं राहिलं की ठाण्यातला निम्मा आयटी डोळ्यांसमोरून जातो. कोणी घोडबंदर रोडने हिरानंदानी इस्टेटकडे निघालेलं, कोणी पोखरण रोडला, कोणी कंपनीच्या बसने ऐरोलीला, कोणी शेअर रिक्षाने वागळे इस्टेटला. 1962 साली एमआयडीसीने जिथून सुरुवात केली त्या वागळे इस्टेटमध्ये लेथ आणि प्रेसच्या शेडशेजारी आता काचेच्या इमारती आहेत. आत बसणाऱ्या कितीतरी जणांचं पोट जावावर चालतं. मीही त्यातलीच. 2003 साली डोंबिवलीहून लोकलने कामाला जायला लागले तेव्हापासून आजपर्यंत जावाच लिहिते आहे.

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतला एक मुलगा लॅपटॉप घेऊन वर आला. नोकरीला दोन वर्षं झालेली, कंपनी छोटी. एका पतसंस्थेचं कर्जवाटपाचं ॲप्लिकेशन त्यांना मिळालं होतं. "ताई, स्प्रिंग बूट घेऊ की क्वार्कस? फ्रेमवर्कवरून टीममध्ये दोन तट पडलेत." मी त्याला विचारलं, "हे ॲप्लिकेशन किती वर्षं चालणार आहे?" तो म्हणाला, "ते कोणी बोललंच नाही." त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर मांडते, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

स्प्रिंग का आलं हे कळायला सुरुवात ईजेबीपासून करायला हवी. 1998 साली सन मायक्रोसिस्टिम्सने एंटरप्राइज जावाबीन्स आणले. व्यवहार, सुरक्षा, एका सर्व्हरवरून दुसऱ्याशी बोलणं, ही अवघड कामं सर्व्हर सांभाळेल आणि प्रोग्रामरने फक्त धंद्याचे नियम लिहावेत, हा त्यामागचा विचार. विचार चांगला होता, पण हातात पडलं ते वेगळंच. ईजेबी 2 मध्ये एका साध्या 'ग्राहका'साठी होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, बीनचा क्लास आणि वर एक्सएमएलची लांबलचक फाइल, एवढं लिहावं लागे. पत्त्यात पिनकोड वाढवायचा तर चार ठिकाणी हात लावायचा. मग ईअर फाइल बांधायची, सर्व्हर रिस्टार्ट मारायचा आणि खाली टपरीवर जाऊन चहा पिऊन यायचं. परत आलो तरी सर्व्हर उठलेला असेलच याची खात्री नसे. सर्व्हरशिवाय साधा व्याजाचा हिशेबही तपासता येत नव्हता, आणि हे मला तेव्हाही खटकायचं.

वेबच्या बाजूला स्ट्रट्स होतं. क्रेग मॅक्लॅनाहन यांनी 2000 साली ते अपाचेला दिलं आणि पुढची सहा-सात वर्षं मुलाखतीत 'स्ट्रट्स येतं का?' हा पहिला प्रश्न असायचा.

2002 साली रॉड जॉन्सन यांनी जेटूईईवर, म्हणजे ईजेबी ज्यात येतं त्या सनच्या मानकावर, एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यासोबत सुमारे तीस हजार ओळींचा कोड दिला. एवढा जड सर्व्हर न घेताही मोठी ॲप्लिकेशन्स बांधता येतात, हे त्यांनी करून दाखवलं. वाचकांपैकी युर्गेन होलर आणि यान कॅरॉफ यांनी तो कोड मुक्त स्रोतात आणण्याचा आग्रह धरला. जेटूईईच्या हिवाळ्यानंतरचा वसंत म्हणून कॅरॉफ यांनी नाव सुचवलं, स्प्रिंग. 1.0 आवृत्ती मार्च 2004 मध्ये आली.

स्प्रिंगच्या मुळाशी असलेली गोष्ट मंगल कार्यालयात दिसते. आचारी कामाला येतो तेव्हा पातेली, गॅस, किराणा शोधत गावभर फिरत नाही. कार्यालयाचा व्यवस्थापक सगळं आणून ओट्यावर ठेवतो, आचारी फक्त रांधतो. तसंच स्प्रिंगमध्ये क्लासला डेटाबेस लागला, मेल पाठवणारा लागला, तर तो स्वतः शोधत नाही, कंटेनर आणून हातात देतो. यालाच डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. फायदा असा की उद्या तालीम घ्यायची असेल तर खऱ्या डेटाबेसच्या जागी खोटा ठेवता येतो आणि सर्व्हर न उठवता व्याजाचा हिशेब तपासता येतो.

गॅव्हिन किंग यांचं हायबरनेट 2001 पासून होतंच. 2006 साली ईजेबी 3 आणि जेपीए आले, ते हायबरनेट आणि स्प्रिंगच्या वाटेवरूनच. नवं काहीतरी कोणीतरी करून बघतं, ते टिकतं, मग मानक होतं. म्हणून 'स्प्रिंग की जकार्ता' (जकार्ता हे जेटूईईचंच आजचं नाव) हे भांडण बाहेरून दिसतं तेवढं मोठं नाही. स्प्रिंग बूटच्या पोटात टॉमकॅट असतो, म्हणजे सर्व्हलेट, आणि टेबलांशी बोलायला जेपीए. मानकं नीट शिकलेल्या माणसाला घर बदलताना फार सामान टाकून द्यावं लागत नाही.

एप्रिल 2014 मध्ये स्प्रिंग बूट आलं. त्याआधी कोणत्या जारची कोणती आवृत्ती कोणाशी जमते हे जुळवण्यात दिवस जायचे. बूटने तो मेळ घालून दिला, सर्व्हर ॲप्लिकेशनच्या आत घातला, आणि एका कमांडवर सगळं उठायला लागलं. त्याची एक किंमत मात्र मोजावी लागते, आतलं काही न कळताही काम चालतं. मी एका प्रोजेक्टवर पाहिलेलं सांगते. एका खात्यातून रक्कम वजा झाली, दुसऱ्यात जमा झाली नाही. मधे एरर आली होती, तरी पहिली नोंद मागे फिरली नाही. मेथडवर 'ट्रान्झॅक्शनल' लिहिलेलं सगळ्यांना दिसत होतं. दोन दिवस गेले. शेवटी कळलं की ती मेथड त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडने बोलावली होती. स्प्रिंगचा व्यवहार सांभाळणारा प्रॉक्सी गेटवरच्या वॉचमनसारखा असतो. बाहेरून येणाऱ्याची तो वहीत नोंद करतो. ए विंगमधून बी विंगमध्ये आतल्या आत गेलेल्याची नोंद वहीत कशी होणार? हे ज्याला माहीत आहे त्यानेच पैशाच्या कोडला हात लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता क्वार्कस आणि मायक्रोनॉट. डोंबिवलीच्या लेडीज डब्यात संध्याकाळी बायका भाजी निवडताना मी वर्षानुवर्षं पाहिल्यात. मेथी खुडून, गवार मोडून पिशवीत भरलेली असते. घरी पोचलं की फक्त फोडणी. स्प्रिंग बूट पारंपरिक पद्धतीने सुरू होतं तेव्हा सगळी भाजी घरी येऊन निवडतं. क्लास शोधायचे, ॲनोटेशन वाचायची, कोणाला काय द्यायचं ते ठरवायचं, हे सगळं चालू होताना. 2018 साली आलेलं मायक्रोनॉट आणि 2019 साली रेड हॅटने आणलेलं क्वार्कस हेच काम बिल्डच्या वेळी उरकून घेतात. त्यावर ग्राल व्हीएमने थेट मशीनची फाइल बनवली तर ॲप्लिकेशन सेकंदाच्या अंशात उठतं आणि मेमरीही कमी खातं. मात्र तो बिल्ड बराच वेळ घेतो, आणि चालू असताना क्लास शोधणाऱ्या जुन्या लायब्रऱ्या तिथे अडतात. आता स्प्रिंगनेही 2022 पासून तो रस्ता धरला आहे.

क्लाउडवर मागणी येईल तसं ॲप्लिकेशन उठवायचं आणि झोपवायचं असेल, तर या वेगाचे खरोखर पैसे वाचतात. पण पतसंस्थेचं ॲप्लिकेशन महिन्यातून एकदा, रिलीजच्या रात्री रिस्टार्ट होतं. तिथे आठ सेकंद वाचवून कोणाला काय मिळणार? तिथली परीक्षा 31 मार्चला असते, सगळ्या खात्यांवर व्याज चढवताना बॅच मधेच पडली तर जिथे थांबली तिथून ती पुन्हा उठते का, याची. स्प्रिंग बॅच 2008 पासून तेच काम करतं आहे.

निवडीची खरी कसोटी मात्र सोडायच्या दिवशी लागते, आणि हेच मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे. स्ट्रट्स 1 ची शेवटची आवृत्ती 2008 मध्ये आली आणि 2013 मध्ये अपाचेने त्याचा निरोप जाहीर केला. त्यानंतरही कितीतरी ठिकाणी ते चालूच राहिलं. स्ट्रट्स 2 ची कथा आणखी कडू आहे. त्यातल्या एका भोकाची दुरुस्ती मार्च 2017 मध्ये उपलब्ध झाली होती. अमेरिकेतल्या इक्विफॅक्सच्या एका पोर्टलवर ती वेळेत बसवली गेली नाही. मे महिन्यात चोर शिरले, जुलैअखेर कळलं, तोवर सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली होती. फ्रेमवर्क बनवणाऱ्यांनी औषध दिलं होतं. ते पाजणारं माणूस त्या जागी नव्हतं.

मालकही बदलतात. जावा 2010 साली सनकडून ओरॅकलकडे गेली. स्प्रिंग 2009 मध्ये व्हीएमवेअरकडे, 2013 मध्ये पिव्होटलकडे, 2019 मध्ये परत व्हीएमवेअरकडे आणि 2023 मध्ये ब्रॉडकॉमकडे. ओरॅकलने जावा ईई, म्हणजे पूर्वीची जेटूईई, 2017 साली इक्लिप्स फाउंडेशनला दिली, पण नाव आपल्याकडेच ठेवलं. म्हणून नवं नाव जकार्ता. 2020 च्या अखेरीस जकार्ता ईई 9 आली तेव्हा 'जावाएक्स'ने सुरू होणारी तिची पॅकेजं 'जकार्ता'ने सुरू व्हायला लागली.

कागदावर ही एका शब्दाची गोष्ट. स्प्रिंग बूट 2.7 चा मोफत आधार नोव्हेंबर 2023 मध्ये संपणार होता, आणि बूट 3 ला जावा 17 आणि जकार्ता दोन्ही लागत होतं. आमच्या एका क्लायंटचं ॲप्लिकेशन जावा 8 वर होतं. टीममधल्या एकाने 'फाइंड अँड रिप्लेस' मारला आणि बिल्ड फुटला. 'जावाएक्स.एसक्यूएल' हे मूळ जावाचंच असतं, तेही बदललं गेलं होतं. ते निस्तरलं, तर पावत्या छापणारी एक जुनी लायब्ररी आडवी आली. ती जावाएक्सवरच बांधलेली, नवी आवृत्ती कधी निघालीच नाही. चार महिने गेले, त्यातले तीन त्या पावत्यांवर. आमच्या स्वतःच्या नियमांना मात्र धक्का लागला नाही, कारण कोणीतरी शहाण्या माणसाने ते साध्या जावामध्ये लिहून ठेवले होते. तो कोण हे शोधायचा मी प्रयत्न केला, पण तो केव्हाच कंपनी सोडून गेला होता.

सार्वजनिक कामांकडे पाहिलं तर कल बराच स्पष्ट आहे. बंगळुरूच्या आयआयआयटीत आकाराला आलेलं, अनेक देशांच्या ओळखपत्रांसाठीचं मोसिप स्प्रिंग बूटवर आहे. महापालिकांसाठी ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनने बनवलेलं डिजिटही त्यावरच. आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या सुरुवातीलाच नागरी सेवा संगणकावर आणल्या आणि पुढे राज्यातल्या इतर पालिकांनी तो नमुना घेतला. अशा व्यवस्था पंचवीस-पंचवीस वर्षं चालतात. अधिकारी बदलतात, कंत्राटदार बदलतात, मालमत्ता कराचं बिल मात्र दर वर्षी निघावंच लागतं.

म्हणून मी त्या मुलाला स्प्रिंग बूट घ्यायला सांगितलं. वेगापेक्षा माणसांचा विचार केला. तू उद्या ऑनसाइट गेलास, तर तुझ्या जागी कल्याणहून किंवा कळव्याहून कोण येईल, आणि त्याला यातलं काय येत असेल? सीडॅकच्या डिप्लोमापासून डोंबिवलीतल्या क्लासपर्यंत सगळीकडे हेच शिकवतात. क्वार्कस मला मनापासून आवडतं. टीममध्ये ते जाणणारे तिघे असते आणि ॲप्लिकेशन क्लाउडवर उठत-झोपत राहणारं असतं, तर तेच घे म्हटलं असतं. एक अट मात्र दोन्हीकडे तीच घातली असती. व्याज, हप्ता, दंड यांचे नियम फ्रेमवर्कच्या बाहेर ठेवायचे, आणि ते पाळलं की नाही हे बघायला फाइलच्या माथ्यावरच्या इम्पोर्टच्या ओळी वाचायच्या.

गणपतीत तो पुन्हा आला, प्रसाद घेऊन. लॅपटॉपही होताच. व्याजाच्या हिशेबाची फाइल त्याने उघडून माझ्यासमोर धरली. वर तीनच इम्पोर्ट होते, बिगडेसिमल, राउंडिंगमोड आणि लोकलडेट.